तुम्हाला वास येतोय का?

सुकापूरच्या एका घरात शेगडीची नळी बदलून मी अर्धा कप चहा प्यायलो, एवढं मला आठवतं. चहात आलं जरा जास्त पडलं होतं. त्यानंतर एकदम आठवतो तो डोक्यावरचा पंखा आणि त्याच्या एका पात्याला लोंबणारं जळमट. मधले अकरा दिवस माझ्याकडे नाहीत. बायकोने, सुनंदाने, ते मला नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितले.

ही गोष्ट १९९२ सालची. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि पनवेलच्या एका गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. कुणाकडून ‘गॅसचा वास येतोय’ अशी तक्रार आली की मोपेड काढायची, त्या घरी जायचं, गळती शोधायची आणि बंद करायची. नऊ वर्षं हेच काम केलं. ‘कदमला जिन्यातच कळतं,’ असं एजन्सीत म्हणायचे आणि ते खरंही होतं. दार उघडायच्या आधी मला अंदाज यायचा की गॅस रेग्युलेटरपाशी सुटतोय की शेगडीपाशी. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, मला ते आपसूक जमायचं.

त्या दिवशी गाढी नदीच्या पुलाजवळ माझी मोपेड पडली. खडीवरून घसरली की कुणी धक्का दिला, कुणालाच माहीत नाही. दुधाचा एक टेंपोवाला मागून येत होता, त्याने मला उचलून दवाखान्यात आणलं. तिथून मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. हेल्मेट वगैरे तेव्हा आमच्याकडे कोण घालत होतं? माझं डोकं मागच्या बाजूने आपटलं होतं. कवटीला चीर होती आणि आत रक्त साकळलं होतं. ऑपरेशन टळलं, पण डॉक्टर सुनंदाला पाच दिवस रोज सांगत होते की आज काही सांगता येत नाही.

* * *

वॉर्डात डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तेच प्रश्न विचारत. नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत या. नाव-गाव यायचं. वार मात्र मी रोज मंगळवार सांगायचो. मी सलाइनची सुई दोनदा उपटून टाकल्यामुळे माझे हात पलंगाला बांधलेले असायचे. ‘तू माझी बायको नाहीस, तिला बोलाव,’ असं मी सुनंदाला म्हणालो होतो म्हणे. ती बाहेर जिन्यात जाऊन बसली आणि थोड्या वेळाने परत आली. ‘मी तिची बहीण आहे,’ असं म्हणाली, मग मी तिच्या हातचं पाणी प्यायलो.

त्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. मी थोडा भानावर आल्यावर त्यांनी कुठून तरी एक तारखांचा डट्टा आणला आणि माझ्या पलंगाच्या पायथ्याशी अडकवला. रोज सकाळी एक पान फाडायच्या आणि हळूच म्हणायच्या, “दादा, डॉक्टर यायच्या आधी इकडे बघून ठेवा.” त्या दिवसापासून माझा वार बरोबर यायला लागला. डॉक्टर खूश झाले, सुनंदा रडली, मला चार दिवसांत घरी सोडलं. मावशींचं मन मोठं होतं, त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. पण त्या पानांवरून मी एक वाईट गोष्टही शिकलो. आपल्याला येत नाही ते येतंय असं दाखवता येतं.

* * *

घरी आलो तेव्हा आळीतली माणसं बघायला आली. केस वाढले की टाक्यांची खूण झाकली जाईल, देवाची कृपा, नशीब बलवत्तर, असं सगळे म्हणाले. हातपाय धड होते. मी हसत होतो, बोलत होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की माणूस सुटला.

घरातल्यांना वेगळं दिसत होतं. कुकरची शिट्टी झाली की कुणी कवटीत खिळा मारतंय असं मला वाटायचं. सुनंदाने कुकर वापरणं बंद केलं, वरण-भात पातेल्यात शिजायला लागला. साधे शब्द सापडायचे नाहीत. पाना मागायचा तर ‘ते, ते फिरवायचं’ असं म्हणायचो. एकदा मुलीने, वर्षाने, पाढे मोठ्याने म्हटले म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं. ती सात वर्षांची होती. त्यानंतर ती घरात पाय न वाजवता चालायला लागली. हे लिहिताना अजून लाज वाटते.

आणि मग दूध जळलं.

मी स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होतो. सुनंदा दूध शेगडीवर ठेवून शेजारी काहीतरी द्यायला गेली आणि बोलत थांबली. माझी पाठ शेगडीकडे होती. ती धावत आत आली तेव्हा पातेलं काळं झालं होतं आणि खोलीत धूर होता.

“अहो, तुम्ही इथेच बसलाय ना?”

“बसलोय की.”

“मग जळल्याचा वास नाही आला?”

मला वाटलं सर्दी असेल. तिने हिंगाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली. मग लसूण ठेचून आणला. मग रॉकेलची बाटली. आम्ही दोघं आधी हसत होतो. रॉकेलच्या बाटलीनंतर कुणी हसलं नाही.

* * *

महिन्याने तपासणीसाठी मुंबईला गेलो. एका तरुण डॉक्टरने लवंगेच्या तेलाची, कॉफीची अशा बाटल्या माझ्या नाकाशी एकेक धरल्या. मी डोळे मिटून बसलो होतो. बहुतेक बाटल्यांना ‘नाही’ म्हणालो. एका बाटलीला, मला वाटतं तिसरीला, मी अंदाजाने ‘कॉफी’ म्हणालो. ते म्हणाले, “ही रिकामी आहे.”

त्यांनी समजावून सांगितलं. डोकं आपटलं तेव्हा मेंदूला हिसका बसला आणि नाकातून वर जाणारे बारीक धागे तुटले. काहींना वर्षभरात वास परत येतो, काहींना येत नाही, औषध नाही. मग त्यांनी पेन उघडलं.

“काम काय करता?”

माझ्या शेजारी सुनंदा बसली होती. मी म्हणालो, “ऑफिसात आहे. कारकुनी.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि ‘हलक्या कामासाठी योग्य’ असं लिहून सही केली. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली.

येताना एस.टी.त ती मानखुर्दपर्यंत गप्प होती. मग खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, “कारकुनी कधीपासून करायला लागलात?”

“मग काय सांगायचं? मेकॅनिक सांगितलं असतं तर कागद मिळाला असता?”

“नसता मिळाला.”

“मग?”

“मग नसता मिळाला,” ती म्हणाली. “एवढंच म्हणतेय मी.”

मी तिला सांगितलं की साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात, नाकाची गरज लागत नाही. ते अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्याला धरून माणूस फार दिवस काढू शकतो.

* * *

आमची एजन्सी इनामदार बाईंची होती. त्यांचे यजमान लढाईत गेले होते, त्यानंतर त्यांना ती मिळाली होती. पन्नाशीच्या बाई, शिस्तीच्या, सगळ्यांना अहो-जाहो करणाऱ्या. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“हलकं काम म्हणजे काय समजायचं, कदम?”

“सिलिंडर उचलायचे नाहीत. बाकी तक्रारी बघतो मी.”

“डोकं दुखतं का?”

“थोडं. दुपारनंतर.”

“मग सकाळच्या तक्रारी तुम्ही, दुपारच्या अन्वर.” अन्वर आमचा दुसरा मेकॅनिक, माझ्यानंतर कामाला लागलेला. “आणि मोपेड नाही. सायकल किंवा रिक्षा.”

त्या इतक्या चांगलं बोलल्या की खरं सांगणं आणखी अवघड झालं.

मी एक पद्धत बसवली. खिशात छोटी वही, तिच्यात प्रत्येक घरात काय करायचं ते क्रमाने लिहिलेलं. खिडक्या उघडणे. रेग्युलेटर. नळीचं एक टोक, दुसरं टोक. शेगडीचे कॉक, म्हणजे बटणांमागच्या तोट्या. एकेक झालं की मनात खूण करायची. आणि घरातल्या बाईंना विचारायचं, “तुम्हाला वास येतोय का? कुठे जास्त येतोय?” बायकांना ते आवडायचं. एक बाई म्हणाल्या, “बरं बाई, कुणीतरी आम्हाला विचारतं.” त्या सांगतील त्या दिशेने मी जायचो. नऊ वर्षं ज्याला जिन्यात कळायचं, तो आता लोकांच्या नाकावर चालत होता.

दर वेळी काम संपलं की लायटर ओढून ज्योत दाखवायची असायची. त्या क्षणी माझ्या पाठीला घाम सुटायचा. खोलीत गॅस साचलाय की नाही हे मला कळत नव्हतं, आणि ठिणगी मीच पाडत होतो. बर्नर पेटला की बाई म्हणायच्या, “झालं?” मी म्हणायचो, “झालं.”

दुपारी घरी येऊन आडवा पडायचो. सुनंदा बालवाडीत शिकवून आली की पहिला प्रश्न विचारायची, “आज किती घरं?” मी आकडा सांगायचो. जेवणाआधी ती आमच्या स्वयंपाकघरात जाऊन खाली वाकून वास घ्यायची. मला दिसेल असं नाही, पण मला दिसायचं.

एके दिवशी ती म्हणाली, “मी बाईंना भेटून येते.”

“भेटलीस तर मी या घरात राहणार नाही,” मी म्हणालो. आवाज इतका चढला की वर्षा बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली.

सुनंदा म्हणाली, “तुमची जीभ आधी अशी नव्हती. ते अपघाताचं आहे, मला माहीत आहे. पण हे लपवणं अपघाताचं नाही.”

मी तिच्याशी तीन दिवस बोललो नाही. नोकरी गेली तर काय, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती वेगळी होती. मला पाना आठवत नव्हता, पाढे सोसत नव्हते. त्यातून मेकॅनिकही नाही म्हटल्यावर मी कोण उरलो असतो?

* * *

चार महिने असे गेले. मग नवीन पनवेलमधल्या तळमजल्यावरच्या एका घरची तक्रार आली.

दार एका निवृत्त शिक्षकांनी उघडलं. आपण त्यांना सर म्हणू. गळ्याला मफलर होता. म्हणाले, “सूनबाई ऑफिसला जाताना म्हणाली वास येतोय, म्हणून शेजारून फोन केला. मला विचाराल तर काही येत नाही. पंधरा दिवस सर्दी हटत नाहीये.”

मी नेहमी विचारायचो तो प्रश्न त्यांना विचारून उपयोग नव्हता. घरात दुसरं कुणी नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी सरांच्या खोकल्यामुळे बंद होती. ‘उघडतो’ असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, “जरा राहू द्या, गार वारा सोसत नाही.” मी राहू दिली.

रेग्युलेटर चालू करून साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. नळीचं वरचं टोक, नाही. खालचं टोक, तिथे क्लिप सैल होती, ती आवळली. वही ओट्यावर उघडी होती. तेवढ्यात सर बोलायला लागले. ते गणित शिकवायचे, त्यांचा एक विद्यार्थी गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी ‘हो का, हो का’ म्हणत होतो. मार लागल्यापासून मला दोन गोष्टी एका वेळी पेलत नाहीत. कुणी बोललं की हातातलं सुटतं. माझा हात वहीकडे गेला, मी ती मिटली आणि खिशात टाकली. शेगडीचे कॉक राहिले होते. त्यांतला एक झिजला होता आणि रेग्युलेटर चालू केल्यापासून गॅस तिथून सुटत होता. दहा मिनिटं तरी झाली असतील. तो गॅस जड असतो. तो वर जात नाही, जमिनीवर पसरत राहतो. त्यात आम्ही दोघं उभे होतो, सर्दी झालेले सर आणि मी.

मी लायटर हातात घेतला. “ज्योत दाखवतो,” म्हणालो.

“थांब रं दादा.”

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर एक मासेवाली उभी होती. गावातली आगरी बाई, डोक्यावर टोपली. दार थोडं किलकिलं होतं, ते तिने पायाने ढकलून पूर्ण उघडलं.

“काय पेटवतंस? गॅस भायेर येतंय. वास येत नाय काय तुला?”

माझा अंगठा लायटरवर होता. मी हललो नाही. लायटर खाली कसा ठेवायचा हेच मला कळेना.

“माज्या डोक्यावं बोंबलांची टोपली हाय,” ती म्हणाली, “तरी मला वास आला. आन तू गॅसवाला ना?”

तिने टोपली बाहेर उतरवली, आत आली आणि माझ्या हातातून लायटर काढून अंगणात फेकला. मग मला सुचलं. मी रेग्युलेटर बंद केला, सरांना हाताला धरून मागच्या दाराने बाहेर नेलं, खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, एवढं शिक्षण हातात शिल्लक होतं. मग मी बाहेर पायरीवर बसलो.

सर जवळ आले. “तुम्हालाही सर्दी आहे का?” त्यांनी विचारलं. मनात काही न ठेवता विचारलं.

मी म्हणालो, “नाही सर. मला वास येतच नाही. अपघात झाल्यापासून.”

सुनंदा आणि ते डॉक्टर सोडले तर हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. सरांनी मफलर नीट केला आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरकले. ती बाई टोपली उचलून निघाली होती. जाताना म्हणाली, “मंग घरी बस ना बाबा. लोकांची घरं कशाला जालतंस?”

* * *

अन्वरला बोलावून तिथलं काम त्याच्याकडे दिलं आणि मी सायकल हातात धरून चालत एजन्सीत गेलो. बाईंच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांना खोटं सांगितलं तेही.

त्यांनी आधी एकच विचारलं.

“सुनंदाबाईंना माहीत होतं?”

“हो. ती रोज सांगत होती. मी तिला येऊ दिलं नाही.”

“कामावर आल्यापासून किती घरं झाली?”

तक्रारवही आणली. मोजली. अठ्ठ्याऐंशी.

मला वाटलं, त्या ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला काढून टाकणं हे दोन मिनिटांचं काम आहे, ते नंतर बघू. आधी ही अठ्ठ्याऐंशी घरं. उद्यापासून तुम्ही आणि अन्वर, एक न सोडता. आणि प्रत्येक दारात काय झालं ते तुम्ही सांगायचं. अन्वरने नाही.”

त्या दिवशी घरी गेल्यावर सुनंदाने विचारलं, “आज किती घरं?” मी म्हणालो, “अठ्ठ्याऐंशी.” आणि मग सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं. ती म्हणाली, “जेवून घ्या.” खूप दिवसांनी तिने वास न घेता शेगडी पेटवली, असं मला वाटतं. किंवा मी तिकडे बघितलं नाही.

* * *

अन्वर माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी सायकलवरून जाताना तो म्हणाला, “कदमभाई, मला तरी सांगायचं होतं. मी सोबत आलो असतो. कुणाला कळलंही नसतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं. मग मेकॅनिक तू, मी नुसता सोबती,” मी म्हणालो. तो हसला.

दारात उभं राहून तेच वाक्य म्हणायचं: “मी मागे तुमच्याकडे आलो होतो. मला वास येत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पुन्हा तपासायला आलोय.” पहिल्या दहा घरांत जीभ अडखळली. एका बाईंनी आम्हाला पोहे दिले आणि तुम्ही जिवंत आहात हेच खूप, असं म्हणाल्या. एका गृहस्थांनी एजन्सीला तक्रारीचं पत्र लिहिलं. एकाने विचारलं, “येत नाही तर आलात कशाला कामाला?” त्याचं उत्तर माझ्याकडे होतं पण ते दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. दुपारी डोकं ठणकायला लागलं की अन्वर एखाद्या झाडाखाली सायकल लावायचा आणि न विचारता अर्धा तास थांबायचा.

बहुतेक घरं ठीक निघाली. साबणाच्या पाण्याने आपलं काम केलं होतं. दोन ठिकाणी मात्र गळती सापडली. एका ठिकाणची नुकतीच सुरू झालेली, ती माझ्यामुळे नव्हती.

बाईंनी मला काढलं नाही. घरोघरी जाणं मात्र बंद झालं. एजन्सीच्या मागच्या खोलीत बिघडलेल्या शेगड्या दुरुस्तीला येतात, त्या मी उघडतो, साफ करतो, कॉक बसवतो. तिथे सिलिंडर नाही, गर्दी नाही, कुकरही नाही. सुरुवातीला ती जागा मला शिक्षा वाटायची, वर्षभराने वाटेनाशी झाली. शब्द हळूहळू परत आले. वर्षा पुन्हा मोठ्याने पाढे म्हणायला लागली, त्याला मात्र बराच वेळ लागला. वास परत आला नाही. आता मी वाट बघत नाही.

डोक्याला मार लागून घरी आलेला माणूस बाहेरून अख्खा दिसतो. लोक म्हणतात, झाला की बरा, आणि त्यालाही ते खरं मानायचं असतं. अशा कुणाच्या हाती हे पडलं तर त्याला एवढंच सांगेन, कामावर जायच्या पहिल्याच दिवशी आपलं काय चालत नाही ते सांगून टाका. माझ्यासारखं अठ्ठ्याऐंशी दारांत सांगायची वेळ आणू नका.

* * *

दुसऱ्या गळतीचं सांगायचं टाळत होतो. ते घर यादीत शेवटचं होतं.

दुसरा मजला, पवार आडनाव. तक्रारवहीत त्यांच्या तीन तक्रारी होत्या आणि तिन्हींपुढे माझ्या अक्षरात शेरा होता. पहिल्या दोन वेळी ‘गळती नाही.’ तिसऱ्या वेळी ‘गळती नाही. ग्राहकाचा भास.’

दार पवार बाईंनी उघडलं. तिशीच्या आतल्या. मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला. मी माझं वाक्य म्हणायला सुरुवात केली, तोवर अन्वर दारातच थांबला होता. नाक वर करून म्हणाला, “भाभी बरोबर बोलत होत्या. येतोय वास. हलका आहे, पण आहे.”

नळी शेगडीला लागते तिथे बारीक चीर होती. साबण लावला की बुडबुडे येत होते. मग मला आठवलं, किंवा आठवलं असं वाटतं, की तिसऱ्या वेळी मी साबण लावला तेव्हा रेग्युलेटरचा खटका चालूच केला नव्हता. गॅसच नव्हता तर बुडबुडे कुठून येणार? पहिल्या दोन वेळी काय केलं ते आठवतच नाही.

ओट्याच्या कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह होता. त्या दोन महिने त्याच्यावर स्वयंपाक करत होत्या. सासूबाई चहा मात्र गॅसवरच करायच्या; त्या तपकीर ओढायच्या, त्यांना वास कळत नव्हता. नवरा तळोज्याच्या कारखान्यात, दिवसभर रसायनांत, त्यालाही घरी येऊन काही कळत नव्हतं. आणि गॅसवाला तीनदा येऊन ‘नाही’ म्हणून गेला होता.

“मला म्हणाले डोक्यावर परिणाम झालाय,” बाई म्हणाल्या. “माहेरी पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या. सासूबाई पोरांना माझ्याजवळ सोडत नव्हत्या.”

मी म्हणालो, “ताई, भास तुम्हाला होत नव्हता. माझी चूक आहे.”

“मला सांगून काय उपयोग? मला माहीत होतं.”

नवरा तासाभरात कामावरून येणार होता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. पाणी विचारलं नाही. अन्वरने नळी बदलली, मग आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून राहिलो. सासूबाई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

पवार आले. मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं. त्यांनी चप्पल काढता काढता ऐकलं. “बरं, झालं ना आता नीट,” ते म्हणाले.

“नाही,” बाई म्हणाल्या. “काय झालं होतं ते परत सांगा. सावकाश.”

मी परत सांगितलं. की गळती पहिल्या दिवसापासून असणार. की तिन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. की मार माझ्या डोक्याला लागला होता, त्यांच्या नाही. पवार खाली बघत होते. दारातल्या सासूबाई आत गेल्या.

मग बाईंनी अन्वरकडून तक्रारवही मागितली. स्वतःचं नाव शोधलं, माझा शेरा वाचला आणि वही माझ्यासमोर धरली. मी ‘गळती नाही’ आणि ‘भास’ खोडलं, वर ‘गळती होती’ असं लिहिलं आणि सही केली. तिन्ही ठिकाणी.

“आता पेटवू?” त्यांनी अन्वरला विचारलं.

“बेधडक, भाभी.”

त्यांनी रेग्युलेटर चालू केला, पण लगेच पेटवलं नाही. आधी स्वतः वाकून वास घेतला. नळीपाशी, दोन्ही कॉकपाशी, मग गुडघे टेकून फरशीपाशी. आम्ही चौघं, आतून पुन्हा आलेल्या सासूबाईंसकट, थांबलो होतो. त्या उठल्या, हात पुसले आणि काडी ओढली.